यादीच्या शेवटच्या दोन ओळी

महायुद्ध चालू होतं तेव्हा मी सांगलीतल्या एका साप्ताहिकात उपसंपादक होतो. म्हणजे मुद्रितं तपासायची, पत्ते चिकटवायचे आणि संपादकांसाठी चहा सांगायचा. वय तेवीस, पण युद्ध कसं जिंकावं यावर मत तयार. वर्षाच्या शेवटच्या अंकात ‘यंदा निवर्तलेली थोर मंडळी’ अशी यादी असायची. ती लिहायचा मान माझ्याकडे होता. त्या वर्षी तीत एक गवई होते, एक डॉक्टर, दोन पैलवान आणि एक संस्थानी दिवाण. दिवाण गेल्याचं खरं तर कुणालाच वाईट वाटलं नव्हतं.

अंक छापायला जायच्या दिवशी शिराळ्याकडचा एक म्हातारा आला. गूळ घेऊन पेठेत आला होता. मुलगा पलटणीत, ब्रह्मदेशात. घरी आलेलं सरकारी पत्र इंग्रजीत होतं, ते त्याला वाचून हवं होतं. मी वाचलं आणि सांगितलं, मुलगा सात महिने बेपत्ता आहे.

“म्हंजे गेलाच की,” म्हातारा म्हणाला.

मी ‘तसं नाही’ म्हणालो नाही. मलाही तेच वाटलं होतं.

तो गेला आणि छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी सांगत आला की यादी दोन ओळी कमी पडतेय, पान भरत नाही. मला एकदम भरून आलं. दिवाणाला जागा आहे आणि या पोराला नाही? त्या दोन ओळींत मी शिपायाचं नाव घातलं, गाव घातलं, ‘रणांगणावर कामी आला’ असं लिहिलं आणि स्वतःवरच खूश झालो. अंक म्हाताऱ्याला पोस्टानं पाठवलासुद्धा.

पंधरा दिवसांनी एक तरुण मुलगी बापाला घेऊन कचेरीत आली. कपाळ मोकळं, हात मोकळे. ती त्या शिपायाची बायको होती.

“चावडीत पेपर वाचला,” तिचा बाप म्हणाला. “दुसऱ्या दिशी सासऱ्यानं हिच्या बांगड्या फोडायला लावल्या.”

तिनं पदराखालून अंक काढला. “यात त्येंचं नाव कुठं हाय?”

तिला वाचता येत नव्हतं, आणि नवऱ्याचं नाव ती तोंडानं घेणार नव्हती. मी दाखवलं. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि उचललंच नाही.

“सरकारनं कळवलं व्हय तुमास्नी?”

“नाही.”

“मग कुणी?”

पत्रात नुसतं बेपत्ता लिहिलंय, गेल्याचं मी माझ्या मनानं लिहिलं, हे सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या अंकात चूक कबूल करून छापतो, असंही म्हणालो.

तिनं नावावरचं बोट आता उचललं. “मग मी कुकू लावू का? तुमी सांगाल तसं करती.”

लाव म्हणावं, तर उद्या तार आल्यावर तिला ते पुन्हा पुसायला लागणार. नको म्हणावं, तर मी कोण? संपादक साताऱ्याला गेलेले, आणि असते तरी ते काय सांगणार होते?

“विचारून सांगतो,” मी म्हणालो.

“बरं,” ती म्हणाली, आणि मी विचारून येईपर्यंत थांबायला दाराजवळच्या बाकावर जाऊन बसली.