तीन नंबर

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी जत्रेत हरवलो. बसवनगुडीच्या शेंगांच्या जत्रेत, राहत्या घरापासून जेमतेम तीन किलोमीटरवर, खिशात दोन फोन असताना.

यात आमच्या अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, काडीचाही दोष नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या संध्याकाळी सात वाजेपर्यंत मी भेटेल त्याला नेमकं उलटं सांगत होतो.

अण्णा बावीस वर्षं फौजेत होते. खेचरांच्या तुकडीत. (शाळेत मी ते रणगाडा चालवतात असं सांगत असे. खेचर म्हटलं की पोरं फिदीफिदी हसायची.) बर्फातल्या पायवाटांनी वरच्या चौक्यांवर धान्य, रॉकेल आणि दारूगोळा पोचवायचा, संध्याकाळी तळावर परतायचं आणि गिनती द्यायची: माणसं किती, जनावरं किती. एकदा एक खेचर कमी भरलं. अण्णा एकटेच मागे फिरले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला घेऊनच आले. त्यात त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं बर्फानं खाल्ली. हे आम्हाला आईकडून कळलं. अण्णांना विचारलं तर ते एवढंच म्हणायचे, "गिनती चुकत होती ना."

निवृत्त होऊन ते बनशंकरीला घरी आले तेव्हा खेचरं तिकडेच राहिली आणि गिनती तेवढी बरोबर आली. आम्हाला नंबर मिळाले. आई एक, माझी थोरली बहीण अक्का दोन, मी तीन. पुढे लग्न होऊन अनघा आली, तिला चार. आमची गौरी जन्मली तेव्हा दवाखान्यात अण्णांनी पाळण्यात वाकून पाहिलं आणि "पाच" म्हणून खिशातल्या छोट्या वहीत नोंद केली. लग्नकार्य असो की लालबाग, निघताना आणि परतताना गिनती व्हायचीच. घरातून निघण्यापूर्वी कोणी काय घातलंय तेही वहीत लिहिलं जायचं. नियम एकच होता: चुकलात तर शोधत फिरायचं नाही, शेवटची गिनती झाली तिथं येऊन उभं राहायचं. चालताना अण्णा सगळ्यांच्या मागे. आमचे पडलेले रुमाल, छत्र्या, एकदा तर माझी गुणपत्रिका, सगळं त्यांच्याच हाती लागायचं.

त्या वर्षी मात्र मला कार्यालयात बढती मिळाली होती. मारतहळ्ळीला माझ्या हाताखाली चाळीस माणसं होती, आणि त्यांतली तीन खास जत्रा बघायला बसवनगुडीत येणार होती. कार्तिकातला शेवटचा सोमवार, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेंगांचे ढीग, मुंगीला पाय ठेवायला जागा नाही. रस्त्याच्या तोंडाशी एक औषधांचं दुकान आहे. त्याच्या पायरीवर अण्णांनी आम्हाला उभं केलं. माझी तिघं तरुण मंडळी समोरून येताना दिसत होती.

"एक," आई म्हणाली.

"दोन," अक्का म्हणाली.

मी टी-शर्ट नीट केला. मग म्हणालो, "अण्णा, आता फोन आहेत. नकाशावर कोण कुठं आहे ते सगळं दिसतं. गिनतीची काही गरज नाही."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या तिघांकडे पाहिलं. सगळं समजलं त्यांना. "सरी, ठीक आहे," म्हणाले आणि वही खिशात घातली. मी त्यांचा फोन मागून घेतला, त्यांचा ठावठिकाणा माझ्या नकाशावर दिसेल अशी सोय केली, त्या तिघांना ती कौतुकानं दाखवली आणि सेनापतीच्या थाटात पुढे निघालो.

गणपतीच्या देवळापर्यंत गेल्यावर मागे वळून पाहिलं तर अण्णा नाहीत. मी हसलो. (हो, हसलो!) फोन काढला. अण्णांचा ठिपका माझ्या ठिपक्याला अगदी चिकटून होता. म्हणजे इथंच होते. सगळ्यांना खेळण्यांच्या दुकानापाशी थांबवून मी डावीकडे गेलो, ठिपकाही डावीकडे. मी उजवीकडे धावलो, तोही उजवीकडे. एकोणऐंशीव्या वर्षी, दोन बोटं नसलेल्या पायानं, या गर्दीत हा माणूस माझ्या बरोबरीनं पळतोय! मला त्यांचा अभिमान वाटला. कौतुक करावं म्हणून मी त्यांना फोन लावला.

माझाच खिसा वाजला.

अण्णांचा फोन परत द्यायचा राहिला होता. तो मी खिशातून काढून हातात धरला. महिन्यापूर्वीच त्यांची साखर एकदम उतरली होती आणि ते न्हाणीघरात पडले होते. डॉक्टरांनी एकटं सोडू नका म्हणून बजावलं होतं, आणि मी त्यांना लाखभर माणसांत सोडून आलो होतो, तेही फोन काढून घेऊन. मी ढकलाढकली करत सुटलो. पांढऱ्या केसांचा जो दिसेल त्याच्या खांद्याला हात लावला. दोन आजोबा चिडले, एकानं मला शेंगा दिल्या.

शेवटी पोलिसांच्या मांडवात शिरलो. हवालदारानं वही उघडली आणि कन्नडमध्ये नाव विचारलं. मी सांगितलं. वय सांगितलं. मग त्यानं विचारलं, "शर्ट याव बण्ण, सार?"

शर्टाचा रंग. पांढरा? की निळ्या चौकड्यांचा? सकाळपासून मी त्या माणसाबरोबर चहा प्यायलो होतो, जेवलो होतो, एका रिक्षात गुडघ्याला गुडघा लावून बसून आलो होतो, आणि मला त्यांच्या शर्टाचा रंग माहीत नव्हता. चाळीस वर्षं ते माझा रंग वहीत लिहीत आले होते. मला त्या मांडवात फार लाज वाटली.

तेवढ्यात डोक्यावरचा भोंगा खरखरला आणि सबंध बसवनगुडीला ऐकू जाईल अशी घोषणा झाली. बनशंकरीचे श्रीधर, वय एक्कावन्न, हरवले आहेत. अंगात पिवळा टी-शर्ट, डाव्या बाहीवर सांबाराचा डाग. पुढून टक्कल. चालताना फोनमध्ये बघतात. त्यांनी घाबरू नये. वडील औषधांच्या दुकानाच्या पायरीवर बसले आहेत.

हवालदारानं माझी बाही पाहिली. डाग पाहिला. मग वही मिटली आणि अगदी मायेनं मला रस्ता दाखवला.

पायरीवर सगळे होते. झालं होतं असं, की चालता चालता आईची शाल गळून पडली. ती फक्त सगळ्यात मागच्या माणसाला दिसली. अण्णा ती उचलायला मागे राहिले, आम्ही दिसेनासे झालो, तसे ते नियमाप्रमाणे पायरीवर येऊन बसले. मी शोधायला निघाल्यावर आईनंही क्षणभर विचार केला आणि बाकीच्यांना घेऊन पायरीच गाठली. तिथं अण्णांनी गिनती घेतली. एक, दोन, चार, पाच. तीन नव्हता. मग ते उठले आणि जवळच्या पोलीसचौकीत जाऊन वहीतली ओळ वाचून दाखवली.

मी धापा टाकत पोचलो. मधेच जत्रेत पांगलेली माझी तिघं तरुण मंडळी घोषणा ऐकून आधीच येऊन उभी होती. अण्णा रागावले नाहीत. नुसते माझ्याकडे बघून म्हणाले, "तीन?"

"हजर," मी म्हणालो. चांगलं मोठ्यानं म्हणालो.

"तोंड उतरलंय बघ तुझं," ते म्हणाले आणि शेंगांचा पुडा पुढे केला. "बस स्वल्प."

त्यांचा शर्ट पिस्ता रंगाचा होता. तो मी कधीच विसरणार नाही.

अण्णांना जाऊन आता दोन वर्षं झाली. मागच्या कार्तिकात आम्ही पुन्हा जत्रेला गेलो, पायरीवर उभे राहिलो आणि कोणी न सांगता आईनं सुरुवात केली. एक. दोन. तीन. चार. पाच. गिनती पूर्ण भरली! पूर्वीही पाच, आताही पाच. सगळ्यांना मोजणाऱ्या त्या माणसानं स्वतःला कधी मोजलंच नव्हतं, त्यामुळे ते गेले तरी आकडा ढळला नाही. मला त्या आकड्याचा इतका राग आला की डोळे भरून आले. कोणी बघू नये म्हणून मी रुबाबात म्हणालो, "चला, आता अण्णांच्या जागी मी. मी मागून चालतो. सगळ्यांवर लक्ष ठेवतो."

आई आणि अक्कानं एकमेकींकडे पाहिलं. गौरीनं पिशवीतून अण्णांची वही काढली आणि पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. मी वाकून पाहिलं. लिहिलं होतं: "तीन. राखाडी स्वेटर. उलटा."

मी खाली पाहिलं. शिवण बाहेर होती.