पळते म्हणून भ्याली नाही?

अकोल्याच्या आमच्या कॉलेजात प्रयोगाचे उंदीर सांभाळणारे एक काका आहेत. पिंजरा उघडण्याआधी ते सदऱ्याची बाही जाळीला लावून गप्प उभे राहतात. "वास घेऊ द्या न त्याईले," म्हणतात. घाई त्यांना खपत नाही, मग ती प्राचार्यांची का असेना.

भीतीने नर आणि मादीच्या मेंदूत काय वेगळं घडतं, हे मी तपासत होते. मोठा आवाज केला की नर जागीच थिजायचे, माद्या सैरावैरा पळायच्या. माद्यांपुढे मी 'भ्याली नाही' लिहीत गेले.

काका वहीत डोकावले. "नर भेला का कोपरा धरते, म्याडम. मादी भेली का पयते. पयते म्हून भेली नाही, असं काहून लिवता?"

रक्त तपासलं, तर ताणाचं संप्रेरक माद्यांमध्येच जास्त वाढलेलं निघालं.

परवा बाबांना अमरावतीला दवाखान्यात भरती केलं. तरी मी कामावर आले आणि सकाळपासून या पिंजऱ्याकडून त्या पिंजऱ्याकडे धावत होते. काकांनी माझ्या हातातली किल्ली काढून घेतली आणि स्टूल पुढे सरकवलं.

"कवापासून पयून राहिल्या तुमी बी. बसा."

मी बसले. पिंजऱ्यापुढे उभे राहतात तसेच ते माझ्या बाजूला गप्प उभे राहिले, माझं रडणं थांबेपर्यंत.