सरस्वतीताईंच्या फ्रिजमधली हवा

माझे चुलते जालिंदर तात्या नांदूरघाटजवळच्या एका सहकारी दूध शीतकरण केंद्रात चोवीस वर्षं ऑपरेटर होते. दर अर्ध्या तासाला दुधाचं तापमान बघायचं आणि रजिस्टरात लिहायचं, हे त्यांचं काम. ते इतकं अंगात भिनलं की घरी काकूनं चहा दिला तरी आधी कपाला बोट लावून ते "पासष्ट" म्हणत.

"प्या आता, न्हाईतर साठ व्हईल," काकू म्हणायची.

दोन हजार अठरा साली पाऊस आलाच नाही. लोकांनी जनावरं विकली, दूध आटलं, केंद्राला कुलूप लागलं आणि तात्या पन्नाशीत घरी बसले. दसऱ्यानंतर ऊसतोडीचा मुकादम दारात आला. काकू लहानपणी आईबापाबरोबर तोडीला गेलेली होती. तात्यांनी मात्र जन्मात कोयता धरलेला नव्हता. मुकादमानं त्यांचे हात उलटसुलट करून बघितले, बैलाचे दात बघावेत तसे.

"लई मऊ हायेत," तो म्हणाला. "तरी बी रविवार संध्याकाळपर्यंत सांगा."

दुसरी एकच वाट होती. गावात उरलेल्या म्हशींच्या दुधावर चालणाऱ्या बायकांच्या दूध संस्थेला पाचशे लिटरचा कूलर मिळाला होता आणि तो चालवायला माणूस हवा होता. निवड रविवारी सकाळच्या सभेत व्हायची होती. अध्यक्ष होत्या सरस्वतीताई. अकरा हंगाम ऊस तोडून मग म्हशी घेतलेली बाई; बोलायची तेही एका घावात.

बुधवारी तात्या त्यांच्याकडे गेले. मी सोबत होते, कारण बीडच्या आयटीआयमधून फ्रिज-एसीचा कोर्स मी नुकताच पूर्ण केला होता आणि घरात सगळ्यांना ते माहीत असावं अशी माझी इच्छा होती.

"कूलर मोठा हाय, जालिंदरभाऊ," ताई म्हणाल्या. "आधी आमचा फ्रिज नीट करून दावा. वर बर्फ व्हतो, खाली दूध नासतं. दोन मेकॅनिक येऊन गेले, दोघांनी बी गॅस भरला. आमच्या सासूबाई खाली लई भांडी कोंबत्यात, त्याचंच हे."

"घरचा फ्रिज म्हंजी कपाट हो, ताई."

"मंग कपाट तरी उघडून बघा."

मी घाईनं म्हणाले, "गॅस गळत असेल, तात्या."

"गॅस गळतोय तर वर बर्फ कोण करतंय? का गॅस फक्त वरच्या मजल्यावर राहतो?"



तात्यांनी केंद्रातले दोन थर्मामीटर आणले होते. एक वरच्या कप्प्यात, एक खालच्या कप्प्यात पाण्याच्या पेल्यात ठेवला, स्टूल ओढलं आणि रजिस्टर उघडून बसले. दर अर्ध्या तासाला नोंद. दुपार गेली. चार चहा झाले. ताईंच्या सासूबाई, भिवराबाई, शेंगा फोडत समोर बसल्या होत्या.

"जालिंदर, ताप हाय का रं त्याला?"

"खाली हाय, मामी. एकोणीस. वर उणे अठरा."

"मंग पट्टी पायाला ठिवावी लागंल."

संध्याकाळी तात्यांनी उदबत्ती मागितली. भिवराबाईंनी फुलंही आणली. त्यांना वाटलं, आता पूजाच बाकी राहिली. तात्यांनी मला वरच्या दारातलं बटण दाबून धरायला सांगितलं. दार उघडलं की आतला पंखा थांबतो. बटण दाबलं की फ्रिजला दार बंद असल्यासारखं वाटतं आणि पंखा फिरतो. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, पण आधीचे दोन मेकॅनिक आणि मी, तिघांनाही ते सुचलं नव्हतं.

अशा फ्रिजमध्ये गारवा फक्त वर तयार होतो. पंखा ती गार हवा मागच्या डक्टमधून, म्हणजे थर्माकोलच्या पोकळ वाटेतून, खाली ढकलतो. खालच्या जाळीपाशी उदबत्ती धरली तर धूर सरळ वर गेला. हवा येतच नव्हती. वरच्या कप्प्यात मागच्या पत्र्यावर मात्र एका जागी धूर एकदम लांब फेकला गेला. तात्यांनी तिथं नख लावलं. पांढऱ्या पत्र्यावर तितकीच पांढरी, कडेनं सुटलेली चिकटपट्टी होती. ती सोलली, तर खाली वीतभर चीर.

पत्रा खोलला. चीर मागच्या डक्टमध्येही आरपार गेली होती. थर्माकोलचा तुटका तुकडा खालच्या वाटेत बुचासारखा अडकला होता आणि भोवती बर्फ धरला होता. गॅसची नळी दोन बोटांवरून वाचली होती.

"ही चीर कशाची, ताई?" तात्यांनी विचारलं.

सरस्वतीताई ओट्यावरची पुसलेली जागा पुन्हा पुसू लागल्या. मग म्हणाल्या, "टँकर आलता त्या दिशी पाण्याचा डबा काठोकाठ भरून वर ठिवला. त्यो गोठून चिकटला. हाताशी काय हाय ते घेतलं." हाताशी कोयता होता.

तात्यांनी पेन काढलं. रजिस्टरात एक रकाना होता, बिघाडाचं कारण.

"कंपनीचा फॉल्ट लिहा," ताई म्हणाल्या.

"कंपनी फ्रिजबरोबर कोयता देत न्हाई."

"लिहायलाच पायजे का? रविवारी सभा हाय, ध्यानात हाय न्हवं?"

"हाय," तात्या म्हणाले आणि त्यांनी लिहिलं: कोयता, स्वतः अध्यक्षांचा.

वाटेत मी त्यांच्याशी भांडले. त्या रात्री त्यांनी काकूला विचारलं, "ऊस तोडताना हाताला काय बांधत्यात?" काकूनं जुनं लुगडं फाडून पट्ट्या केल्या. 

नवा डक्ट शनिवारी बीडहून एसटीनं आला. तात्यांनी गरम पाण्याच्या फडक्यानं बर्फ वितळवला, जुना डक्ट तुकड्या-तुकड्यानं बाहेर काढला, नवा बसवला, सांध्यांवर ॲल्युमिनियमची टेप मारली. हवा कमीजास्त करणारी झडप चार वेळा हलवून बघितली. मागचा पत्रा लावून पुन्हा स्टुलावर बसले. चार तासांनी खाली पाच भरलं. भिवराबाईंनी आत हात घालून बघितला आणि "पाय गार पडले गं ह्याचे," म्हणून सुनेला सांगितलं. सुनेनं त्या दिवशी चहा विचारला नाही.

रविवारी सभेला अकरा जणी. ताईंनी तात्यांचं रजिस्टर मागून घेतलं आणि ती ओळ मोठ्यानं वाचली, "स्वतः अध्यक्षांचा" सकट.

"आन् वरीसभर माझ्या भांड्यांवर घालत व्हती," भिवराबाई शेजारणीला म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"गप बसा, आत्याबाई," ताई म्हणाल्या. मग सभेकडे वळल्या. "ह्यो माणूस माझ्याकडं काम मागाय आला आन् माझ्याच घरात बसून माझाच कोयता लिहून गेला. मी दोन दिस लई चिडले. मंग वाटलं, उद्या कुणाच्या दुधात पाणी आसंल तर ह्यो पाणीच लिहील. चालतंय त्यांनी हात वर करा."

 पहिला भिवराबाईंचा हात वर गेला, त्यामागं एकेक करत सहा. उरलेल्या चौघी एकमेकींच्या बांगड्या बघत बसल्या.

काकूनं दुपारीच मुकादमाला "आमी येत न्हाई" म्हणून फोन केला. सोमवारी सकाळी तात्या कूलरपाशी उभे राहिले, तेव्हा संस्थेचं दूध रोजच्यापेक्षा अकरा लिटरनं कमी आलं. किटल्या सगळ्या घरच्या आल्या होत्या आणि गावात एकही म्हैस आजारी नव्हती.