घरटी एक माणूस

आमच्या गावच्या क्रिकेट क्लबचा परदेश दौरा झाला तेव्हा मी संघाचा मॅनेजर होतो. हे मी घरात मुलांना अजून जरा छाती काढून सांगतो. खरं म्हणजे संघात घ्यावं असं माझं पोट कधीच नव्हतं. पण मला हिंदी बोलता यायचं, आणि आमंत्रणही माझ्यामुळेच आलं होतं. मी रोह्याला कंपनीत शिफ्ट करायचो. तिथल्या कँटीनचा आचारी नेपाळी होता. त्याच्या भावाचा तिकडे तराईत, म्हणजे नेपाळच्या सपाट पट्ट्यात, क्लब होता. "हमारे यहाँ अभी अभी खेल शुरू हुआ है, आप लोग आके सिखाओ," असं तो म्हणाला. सिखाओ! आम्ही भात कापून झाल्यावर मोकळ्या शेतात टेनिस बॉलने खेळणारी माणसं. पण कुणी शिकवायला बोलावलं की आपण गुरू आहोत यावर माणसाचा लगेच विश्वास बसतो.

गाव आमचं पेण तालुक्यात, खाडीला लागून. भरतीचं पाणी शेतापेक्षा उंच चढतं. मध्ये मातीचा बांध आहे म्हणून भात पिकतं. या बांधाला भगदाड पडलं तर त्याला आम्ही खांड म्हणतो. खांड गेली, म्हणजे बांध फुटला, की घरटी एक माणूस बांधावर, हा गावचा नियम. लग्न असो, सुतक असो, चालत नाही. पाणी ओसरलेलं असतं तेवढ्या वेळात लाकडी मेढी ठोकून, चिखल आणि पेंढा भरून ती बुजवायची. ती ओहोटी हुकली तर पुढची भरती खांड रुंद करून जाते.

आमचा कॅप्टन म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ, दादा. त्याचं शेत उघाडीला, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराला, अगदी चिकटून. त्याच्या घरात माझ्यासारखा कंपनीचा पगार नव्हता, होतं ते एवढं शेतच. उघाडीच्या बगलेला खेकड्यांनी बांध पोखरला होता, तो श्रावणात त्यानेच चिखल भरून दाबला होता.

दौऱ्याची तारीख आम्ही फार विचार करून काढली. दसरा घरी व्हायला हवा. कापणीच्या आत परत यायला हवं. माझी रजा मंजूर व्हायला हवी. सगळं जमवलं. निघायच्या दिवशी देवळासमोर आमचे सत्कार झाले, अकरा खेळाडू, दोन राखीव आणि मी. गावातले तरणे बहुतेक तेवढेच. दादाचे वडील, आमचे आप्पा, हातात नारळ घेऊन पुढे आले आणि त्यांनी विचारलं, "पुनव कुठं येतंय?"

"आप्पा, क्रिकेटला पुनव लागत नाय," दादा म्हणाला.

सगळे हसले. मीसुद्धा, आणि जरा जास्तच, कारण मॅनेजरला कॅप्टनच्या विनोदाला हसावं लागतं. कोजागिरीचं उधाण वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी एक, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. ते त्या दिवशी आम्हा चौदा जणांना ठाऊक नव्हतं.

गोरखपूरपर्यंत रेल्वे, मग बस, मग सरहद्द पायी. सरहद्द म्हणजे एक कमान. अर्धा संघ ती ओलांडून गेला आणि पुढे जाऊन मला विचारू लागला, "परदेश कधी लागणार?" तिकडेही सपाट जमीन, तिकडेही उभं भात. पहिल्या सामन्यात त्यांनी लाल लेदर बॉल काढला. आम्ही शिकवायला आलेलो, त्यामुळे पॅड कसे बांधतात हे विचारता येईना. आमच्या सलामीवीराने दोन्ही पॅड एकाच बाजूला बक्कल येतील असे बांधले आणि मांजर पावसात चालावं तसा तो क्रीजवर गेला. हरलो. दुसरा सामना दादाने एकट्याने जिंकून दिला. यजमानांनी त्याला झेंडूच्या माळा घातल्या. त्या माळा गळ्यात घेऊनच तो बाजारातल्या फोन बूथवर आला. घराशेजारच्या वाण्याकडे फोन होता, तिथे वहिनीला बोलावलं. रिसिव्हरला मीही कान लावला.

"जिंकलो गो," दादा म्हणाला.

"उघाडीपाशी पाझरतंय," वहिनी म्हणाली. "दुपारी पानी पार वरपर्यंत होतं. उद्या पुनव हाय."

"पोरांना सांग, चिखलाची पोती टाका म्हणावं."

"कुठली पोरं? पोरं तुमच्याकडं हायती."

दादाने हळूच माळा काढल्या आणि बूथच्या खिळ्याला अडकवून ठेवल्या.

परतीची बस दुसऱ्या दिवशी शेवटच्या सामन्यानंतर होती. त्याआधी निघालो असतो तरी पेणला पोचेपर्यंत दोन-तीन दिवस जाणारच होते. यजमानांची पहिली फलंदाजी झाली. जेवणाच्या सुट्टीत दादा पुन्हा बूथवर गेला. या वेळी फोनवर वाणीच बोलला. दुपारच्या उधाणात खांड गेली होती. घरटी एक माणूस या नियमाने बायका आणि म्हातारे बांधावर गेले होते. दादाच्या घरातून आप्पा आणि वहिनी, दोघंही.

दादा मैदानावर आला आणि पॅड बांधू लागला. मी म्हटलं, "दादा, नको खेळूस." तो म्हणाला, "बसून काय करू?"

घरी ओहोटी लागली होती तेव्हा तो खेळायला उतरला. एरवी पहिल्या चेंडूपासून उचलून मारणारा माणूस. त्या दुपारी त्याने एकही चेंडू मारला नाही. प्रत्येक चेंडू पुढे येऊन अडवला आणि पायाशी दाबून ठेवला. समोरचे गडी बाद होत राहिले. लोक ओरडू लागले, मग हसू लागले. यजमानांचा कॅप्टन माझ्याकडे येऊन म्हणाला, "भाईसाब, इनकी तबियत ठीक है?" माझी हिंदी तेवढ्यापुरती संपली. ऊन कलेपर्यंत दादा उभा होता. मग घड्याळ बघितलं, आणि पुढचा साधा चेंडू त्याच्या बॅटखालून निघून स्टंपावर गेला. ओहोटी संपली होती.

संध्याकाळी यजमानांनी गच्चीवर मसाला दूध दिलं. आमच्यासाठी मुद्दाम कुठून तरी केशर आणलं होतं. चंद्र वर आला. आमच्यातला एकही माणूस मान वर करेना.

पेण स्टेशनवर उतरलो तेव्हा न्यायला कुणी नव्हतं. परदेश दौऱ्यात आम्ही समुद्र ओलांडलाच नव्हता. समुद्रच आमच्या पाठीमागे घरात शिरला होता. उघाडी दिसत नव्हती, तिच्या जागी होडी जाईल एवढी वाट झाली होती. लोंब्या भरलेलं भात चिखलात आडवं पडलेलं. वहिनीच्या कोपरापर्यंत मेढींचे ओरखडे होते. आप्पा बांधावर बसले होते, तापाने फणफणलेले. दादा त्यांच्यासमोर उभा राहिला.

"दोन ओहोट्या धरला होता बांध," आप्पा म्हणाले. "तिसरीला हात पुरले नाय."

 आप्पांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कापणीच्या दिवसांत त्यांनी नेहमीसारखे विळे घासले आणि परत आढ्याला खोचले. पुढल्या पावसाळ्याच्या तोंडाशी ते गेले.

खांड बुजवली, पुन्हा गेली, पुन्हा बुजवली. शेवटी गावाने मागे नवा बांध घातला आणि दादाचं शेत बाहेर सोडलं. आमची खेळपट्टीही तिथेच होती. आता तिथे कांदळवन आहे, दाट, आणि सरकारी नियमाने ते तोडताही येत नाही. दादा रोह्याशेजारी अष्टमी गावात भाड्याच्या खोलीत राहायला आला. मी कंपनीत सांगून त्याला कंत्राटावर लावलं.

तो इतर कुठल्या सणाला रजा मागत नाही. पुनवेला आणि अवसेला मात्र मागतो. सुपरवायझर मला विचारतो, "उपास असतो काय रे त्याचा?" मी म्हणतो, "व्हय, कडक असतो."

तो पहिल्या गाडीने पेणला उतरून गावात जातो आणि नव्या बांधावर उभा राहतो. मागची सगळी शेतं दुसऱ्यांची. पाणी चढतं, बांधाला लागतं, उतरतं. कुठे खेकड्याचं बीळ दिसलं तर चिखल भरतो आणि टाचेने दाबतो. गावातली माणसं त्याला का आलास विचारत नाहीत, घरटी एक माणूस मोजताना आमच्या घराचा म्हणून धरतात.

रजा मिळाली तर मीही जातो. माझ्याने चिखलात उतरवत नाही. मी बांधावर त्याच्या चपला आणि डबा धरून उभा राहतो. मॅनेजर.