मांगं वजन पाहिजे

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते पवनारहून सांबार आणायचं. ती सायकलच्या कॅरिअरवर बसली होती, कोथिंबिरीची हिरवी जुडी मांडीवर घेऊन. घरी येऊन तिनं पाट्यावर चटणी वाटली. आठ दिवसांनी ती गेली.

पोरगा म्हणाला, "बाबा, सायकल इकून टाका, पडसान." मी ऐकलं नाही. पण महिन्यानं धाम नदीच्या पुलावर अशी हवा सुटली का सायकल आडवी जायला लागली. मी उतरून ढकलत निघालो. पोराचंच खरं होते का काय, असं वाटलं.

मागून सायकलवर एक खराटे विकणारा आला. त्याचे खराटे हवेत फडफडत होते, गडी मात्र सरळ.

"काऊन बाबाजी, सायकल चारून राह्यले का?"

त्याच्या कॅरिअरवर दगड बांधला होता. नीट बसलास ना, असं विचारल्यासारखी त्यानं दगडावर थाप मारली. "मांगं वजन पाहिजे. रिकामी सायकल हवा नेते."

"बसत होती मायी बायको," मी म्हटलं. "मेली."

तो हसला नाही. "मंग दुसरं वजन बांधा," म्हणाला आणि हवेच्या तोंडावर पायडल मारत गेला. मला शिवी आठवली, पण तो लांब गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिचा पाटा कॅरिअरवर आवळून बांधला. त्यावर थाप मारली. हवा कालच्यासारखीच होती.

"बाबा, पाटा कुठं घेऊन चालले?" पोरानं विचारलं.

"सांबार आणाले," म्हटलं, अन् टांग टाकली.