उघड्या मशीनचा भाव

नांदेडच्या त्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे मी एकदाच गेलो. नाव विचारायचं राहिलं. धाकटा भाऊ वारल्याला तीन महिने झाले होते. त्याचा गेम खेळायचा कंपनीचा तयार कॉम्प्युटर विकायचा, म्हणून मी तो उदगीरहून चादरीत गुंडाळून एसटीनं नेला होता.

दुरुस्तीवाल्यानं झाकण काढलं, स्क्रू निघाले त्याच क्रमानं स्टीलच्या ताटलीत मांडले आणि ब्रशनं धूळ झटकत सावकाश बोलू लागला.

"गेमचं कार्ड चांगलं हाय, सर. पण बोर्ड अन् पावर सप्लाय कंपनीनं आपल्याच मापाचे टाकलेत. बाजारातले बसत न्हाईत."

"म्हणजे काहीच वाढवता येत नाही?"

"रॅम वाढती की. एक खाना रिकामाच हाय."

त्या खान्याबद्दल भाऊ वर्षभर बोलत होता. आहे त्यात भागव, असं मी दर वेळी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणालो होतो.

"भाव किती येईल?"

"उघड्या मशीनचा भाव सांगत न्हाई मी. उघडं बघून माणूस घाबरतं, कायबी भावाला व्हय म्हणतं. झाकण लावतो, मग सांगतो."

त्यानं झाकण उचललं.

"आधी रॅमची पट्टी टाका," मी म्हणालो.

"विकायच्या मशीनला? वसूल न्हाई होत, सर."

"भाऊ मागत होता."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. पट्टी बसवली, स्क्रू क्रमानं लावले, मशीन चादरीत नीट गुंडाळून दिलं. झाकण लागलं, पण भाव त्यानं सांगितला नाही आणि मीही विचारला नाही.

कॉम्प्युटर आता माझ्या टेबलावर असतो. मला गेम खेळता येत नाही.