एकवीस पांढऱ्या साड्या आणि बिनधुराची गाडी

कळव्याच्या पंचशील चाळीतल्या कुंडलिक जाधवाला धुराचं भारी वावडं होतं. वागळे इस्टेटच्या कारखान्यात तो रोज सायकलने जायचा. पुलावर पुढे एखादा ट्रक धूर ओकत चालला असला, की हा गडी सायकलवरून उतरायचा आणि नाकाला रुमाल लावून ट्रक दिसेनासा होईपर्यंत कठड्याशी उभा राहायचा. त्यापायी कारखान्यात त्याला उशीर व्हायचा. फोरमनने कारण विचारलं की तो "धूर" एवढंच सांगायचा. घरीसुद्धा तीच तऱ्हा होती. मंजुळाने रॉकेलचा स्टोव्ह पेटवला, की साहेब चहाचा कप घेऊन गॅलरीत जायचे आणि भाकऱ्या होईपर्यंत आत पाऊल टाकायचे नाहीत.

कारखान्यात मात्र त्याला मनासारखं काम मिळालं होतं. माल वाहायच्या बॅटरीवरच्या ट्रॉल्या तिथे होत्या आणि त्या चार्ज करायची खोली कुंडलिकच्या ताब्यात होती. ना धूर, ना फटफट. ट्रॉली नुसती गुणगुणत जायची. पुढेमागे सगळं जग असंच चालणार, असं तो चाळीत येईल त्याला ऐकवायचा, आणि ऐकणारे मान डोलावून बादली भरायला निघून जायचे.

खरी गोष्ट सुरू झाली ती १९९० च्या जयंतीला. मिरवणुकीत सजवलेल्या रथाच्या मागे दिव्यांसाठी हातगाडीवर जनरेटर असायचा, आणि जनरेटरच्या मागे महिला मंडळाच्या एकवीस बायका, सगळ्या पांढऱ्या साड्यांमध्ये. ही रांग कधीची, कुणी घालून दिलेली, कुणाला ठाऊक नव्हतं, पण ती बदलायचं कुणाच्याही डोक्यात येत नव्हतं. जनरेटर गुणाजीचा होता आणि गुणाजीपेक्षा चार वर्षांनी मोठा होता. त्या वर्षी त्याने असा काही धूर सोडला, की नाक्यापर्यंत बायकांच्या साड्या राखाडी झाल्या. मंजुळा महिला मंडळाची अध्यक्ष. लग्न होऊन आल्यापासून तिने एकही मिरवणूक चुकवली नव्हती. त्या दिवशी मात्र ती विहारात वंदनेला थांबली नाही, मागच्या गल्लीने घरी आली आणि दाराकडे पाठ करून रडत बसली. कुंडलिकला फार वाईट वाटलं. त्याने आयुष्यभर धुराला शिव्या दिल्या होत्या, पण धुरामुळे कुणाला रडताना पहिल्यांदाच पाहिलं होतं.

पुढचं वर्ष शताब्दीचं. विहारातल्या बैठकीत कुंडलिक उठला आणि त्याने जाहीर केलं, की यंदा जनरेटर नको. दिवे आणि भोंगा बॅटरीच्या गाडीवर चालतील, गाडी तो स्वतः बनवेल आणि एकाही साडीवर काळा ठिपका पडणार नाही. गुणाजी तोंड फिरवून बसला. तेवढ्यात बायकांच्या बाजूने मंजुळा उभी राहिली.

"एक जरी साडी काळी झाली, तर एकवीसच्या एकवीस तुम्ही धुवायच्या," ती म्हणाली. "सार्वजनिक नळावर. दिवसाढवळ्या."

मंडळाच्या वहीत तसं लिहून घेतलं गेलं. सेक्रेटरीने खाली तारीखसुद्धा घातली.

कुंडलिकने कारखान्याच्या भंगारातून एक निकामी ट्रॉलीची मोटार मिळवली, ट्रकच्या दोन बॅटऱ्या आणल्या आणि तीनचाकी सायकलगाडीवर सगळं बसवलं. पहिल्यांदा चार्जिंग लावलं ते रविवारी सकाळी, टीव्हीवरची मालिका ऐन रंगात असताना. सबंध चाळीचा फ्यूज उडाला. राजाने बाण सोडला होता तो लागला की नाही, हे पंचशील चाळीला आजतागायत कळलेलं नाही. त्यानंतर बॅटऱ्या कारखान्यात नेऊन चार्ज करायचं ठरलं.

गाडी तयार झाल्यावर ती बघायला शेजारचे शिवराम गुरुजी आले. गुरुजी शाळेतून निवृत्त झाले होते, पण प्रश्न विचारण्यातून नव्हते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "कुंडलिक, याचा धूर जातो कुठे?"

कुंडलिक म्हणाला, धूर नाहीच. गुरुजी म्हणाले, वीज कुठून येते? बोर्डातून. बोर्डात कुठून येते? तारेतून. मग गुरुजींनी त्याला ती तार धरून लांबवर नेलं, थेट कोळसा जळतो तिथपर्यंत, आणि तिथल्या धुराड्याखाली आणून उभं केलं. "म्हणजे तुझा धूर आहे," ते म्हणाले, "फक्त दुसऱ्याच्या दारात आहे."

कुंडलिकला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःची समजूत घातली, की तो धूर कुठेही असो, मंजुळाच्या साडीवर नाही. आणि मनातली उरलीसुरली टोचणी घालवायला त्याने गाडीत एक सुधारणा केली. एप्रिलच्या उकाड्यात मागून चालणाऱ्या बायकांचे हाल होतात, म्हणून त्याने ट्रकच्या केबिनमधला छोटा पंखा बॅटऱ्यांच्या बरोबर वर बसवला. तोंड मागे, बायकांकडे. ही कल्पना सुचली तेव्हा तो एकटाच हसला होता.

चौदा एप्रिलला संध्याकाळी गाडी निघाली आणि खरंच गुणगुणत निघाली. दिवे लख्ख. गाणी तर इतकी स्पष्ट, की गायक कुठे श्वास घेतो तेही लोकांना पहिल्यांदाच कळलं. निघण्याआधी कुंडलिकने बॅटऱ्यांची बुचं काढून पाणी काठोकाठ भरलं होतं. तेवढ्यात त्याला पुष्पहार घालायला बोलावलं. त्याने बारा बुचं नव्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात टाकली, धावत जाऊन हार घातला, आणि परत आला तो थेट गाडीवर बसला. रस्त्यावर खड्डे होते, म्हणजे नेहमीएवढेच होते. गाडी उसळायची, बॅटऱ्या डुचमळायच्या, पंखा भरभर फिरायचा. बायका म्हणत होत्या, वारा कसा गार गार लागतो, अगदी तुषार उडाल्यासारखा. मंजुळाने चालता चालता मागूनच नवऱ्याकडे असं काही पाहिलं, की गाडीला लावलेल्या आरशात ते बघून कुंडलिक गाडी गटारात घालणार होता.

विहारापाशी मिरवणूक संपली तेव्हा साड्या पांढऱ्याशुभ्र होत्या. सेक्रेटरीने टॉर्च घेऊन एकेक पदर तपासला आणि वहीत शेरा मारला. मंजुळा वंदनेला पहिल्या रांगेत बसली. गुणाजीसुद्धा येऊन कुंडलिकच्या पाठीवर थाप मारून गेला.

इथे एखादा शहाणा माणूस घरी जाऊन झोपला असता. पण कुंडलिकच्या अंगात विजय संचारला होता. त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की पैज जिंकलो तरी साड्या मीच धुणार. भगिनींचा मान म्हणून.

दुसऱ्या दिवशी तो सार्वजनिक नळावर बसला. समोर एकवीस साड्या, शिवाय त्याचा तो सदरा. अर्धी चाळ कौतुकाने बघत उभी. त्याने पहिली साडी भिजवली, साबण लावला, दोनदा आपटली आणि झटकली. साडीतून पलीकडचे गुरुजी दिसले. एका भोकातून त्यांचा चष्मा आणि दुसऱ्यातून हनुवटी. कुंडलिकला वाटलं, साडीच जुनी असेल. त्याने दुसरी झटकली. तिच्यातून गुणाजी दिसला, तोही पुरता. पाचव्या साडीला नळावरच्या बायका ढिगात आपापली साडी शोधायला लागल्या. त्याने घाईघाईने स्वतःचा सदरा उचलून पिळला, तर खिसा अलगद सुटून हातात आला आणि त्यातून बॅटरीची बारा बुचं टणटण करत फरशीवर सांडली.

बॅटरी खोलीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला आणखी काही सांगायची गरज नव्हती. उघड्या बॅटऱ्यांतलं ॲसिड पंख्याने नेमानं, एकही बाई न वगळता, सगळ्यांवर उडवलं होतं. काल ते दिसलं नाही. पाण्यात पडल्यावर कापडाने दम सोडला. कुणाच्या अंगाला इजा झाली नाही हेच नशीब. तरी त्याने प्रत्येकीला विचारलं, दोनदा विचारलं.

मंजुळाने आपली साडी उचलली, उन्हात धरली आणि बराच वेळ पाहिली. मग म्हणाली, "काळी एकही झाली नाही. तुमचा शब्द खरा."

यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

साड्यांच्या धडक्या भागांतून बायकांनी विहाराला पडदे शिवले. उरलेल्या भोकांच्या तुकड्यांचा एक सदरा केला. पुढच्या जयंतीला कुंडलिकने तो घालायचा, असा ठराव झाला आणि तोही वहीत गेला.

पुढच्या वर्षी गाडीवर बॅटरी नव्हती, जनरेटर नव्हता. कुंडलिकने सायकलगाडीच्या पेडलला डायनॅमो जोडला होता. तो पेडल मारेल तेवढा उजेड. भोंग्याची हौस फिटली होती, गाणी बायकाच म्हणणार होत्या. भोकाभोकांचा सदरा घालून तो सीटवर बसला. हवेशीर होता, हे त्याला मान्य करावं लागलं. मागे एकवीस नव्या साड्या उभ्या होत्या. तेवढ्यात शिवराम गुरुजी आलेच.

"कुंडलिक, आज भाकऱ्या किती खाल्ल्यास?"

"आठ." पेडल मारायला ताकद लागते, असं त्याने वर समजावून सांगितलं.

"आणि त्या भाजल्या कशावर?"

उत्तर मागून आलं. मंजुळा म्हणाली, "स्टोव्हवर भाजल्या, गुरुजी. त्याचा धूर आहे. पण तो साडीवर नाही पडत, माझ्या डोळ्यांत जातो. म्हणून कुणाला दिसत नाही."

ती हे रागाने बोलली नव्हती. तिने पदर नीट केला आणि गाणं सुरू करायची खूण केली. कुंडलिक मात्र पेडल मारायचंच विसरला. दिवे विझले. मागून एकवीस बायकांनी एकदम हाक मारली तेव्हा कुठे गाडी हलली. नाक्यापर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही. त्याला लाज वाटत होती. इतकी वर्षं तो पुलावरच्या ट्रकचा धूर मोजत होता आणि घरातल्या धुराच्या वेळी चहा घेऊन गॅलरीत उभा राहत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाडीवरचा तो पंखा काढला आणि स्वयंपाकाच्या खिडकीत लावला. तोंड बाहेर. डायनॅमो आपल्या रोजच्या सायकलला जोडला, ती आत आणून स्टँडवर चढवली, आणि मंजुळाने स्टोव्ह पेटवताच सीटवर बसून पेडल मारायला लागला. पंखा फिरला. धूर भराभर खिडकीबाहेर गेला. मंजुळाने सगळ्या भाकऱ्या कोरड्या डोळ्यांनी थापल्या. मध्येच तिने त्याच्याकडे बघून मान डोलावली, तेव्हा त्याने इतक्या जोरात पेडल मारलं, की परातीतलं पीठ उडालं. त्या दिवसापासून त्याच्या भाकऱ्या आठाच्या दहा झाल्या आणि स्टोव्ह तेवढाच जास्त वेळ जळू लागला, पण तो हिशेब कुणी मांडला नाही.

त्या पहिल्या सकाळी मात्र पाचच मिनिटांत दारावर थाप पडली. शिवराम गुरुजी नाकाला पंचा लावून, लाल डोळे पुसत उभे होते. त्यांची खिडकी बरोबर समोर होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना काही विचारायचं नव्हतं.

"ये आत, चहा घे," असं कुंडलिक घाबरून म्हणाला, आणि आपण गुरुजींना अरेतुरे केलं हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.